थेरपी लागू पडतेय का, कसं बघायचं

बॉर्डरलाइनसाठी (भावना आणि नाती सतत टोकाला जाणारा व्यक्तिमत्त्वाचा विकार) डीबीटी, म्हणजे भावना सांभाळायची स्किल्स शिकवणारी थेरपी, चालू केलीय तर दोन सेशनमध्ये निकाल मागू नका, ही थेरपी तयार करणाऱ्या मार्शा लिनेहान यांच्या १९९१ च्या चाचणीत वर्षभर थेरपी देऊन नेहमीच्या उपचारांशी तुलना केली तेव्हा स्वतःला इजा करणं कमी झालेलं दिसलं. आपण पण तेच मोजायचं, नुसता मूड नाही. साधी वही घ्या, रोज रात्री लिहा, स्वतःला इजा करायची ऊर्मी ० ते ५ पैकी किती, इजा केली का, कुठलं स्किल वापरलं. माझ्या वहीत एका मंगळवारी आहे, "ऊर्मी ४, खानापूरची बस, गार पाण्याची बाटली गालाला." आणि थेरपिस्ट कन्नड बोलणारा असेल, राग कन्नडमध्ये सांगायला जमत नसेल तर मराठी येणारा थेरपिस्ट मागा, त्यात लाजायचं काय! ऊर्मी ५ ला गेली की वही राहू दे, टेली मानसला, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनला, १४४१६ वर फोन लावा, मराठीत बोलता येतं.