बालवर्गातले नियम: ‘किती वेळा सांगू?’ म्हणण्याआधी या चुका टाळा

माझं शिकवण्याचं पहिलंच वर्ष. शाळा सुरू होऊन चार दिवस झाले होते. मैदानावर जायचं म्हणून मी दारापाशी उभी राहून म्हटलं, "चला, रांग करा!" 22 मुलं दाराकडे धावली आणि दारातच अडकली. मी आवाज चढवला, "अरे, रांग! रांग!" तेवढ्यात एक मुलगी त्या गर्दीतून बाहेर आली. खाली फरशीकडे बघत तिने वर्गात एक चक्कर मारली आणि मला विचारलं, "ताई, रांग कुठे ठेवलीय?"

ती बिचारी वस्तू शोधत होती. चार दिवस मी जो शब्द ओरडत होते, त्याचा अर्थच तिला ठाऊक नव्हता. त्या दुपारी मी फरशीवर रंगीत चिकटपट्टीचे 22 तुकडे लावले, एकेका मुलाला एक. दुसऱ्या दिवशी रांग लागली. वाकडीतिकडी होती, पण लागली.

तेव्हापासून वर्गाची घडी विस्कटली की मी मुलांकडे नंतर बघते. आधी जागा, वेळ आणि माझी सूचना तपासते. गडबड बहुतेक वेळा तिथेच सापडते.

सांगितलं म्हणजे शिकवलं, हा समज

"हात धुऊन या" ही आपल्याला एक सूचना वाटते. चार वर्षांच्या मुलासाठी ती सात-आठ कामं असतात: बाही वर करायची, नळ बेताने सोडायचा, हात ओले करायचे, साबण लावायचा, साधारण 20 सेकंद चोळायचे, धुवायचे, नळ बंद करायचा, हात पुसायचे. आणि त्यानंतर? परत येऊन कुठे बसायचं, हे आपण सांगायचंच विसरतो. म्हणून मुलं नळापाशी पाणी उडवत राहतात. त्यांचं काम संपलेलं असतं आणि पुढचं काम कुणी दिलेलं नसतं. कोणतीही सवय लावताना तिचा शेवट आधी ठरवा.

शिकवताना आधी स्वतः करून दाखवा, तेही शक्यतो न बोलता. बोलत बोलत दाखवलं की मुलं आपल्या तोंडाकडे बघतात, हात बघायचे राहून जातात. मग एका मुलाला करू द्या, मग चौघांना, मग सगळ्यांना. मारिया माँटेसोरींनी 6 जानेवारी 1907 रोजी रोममध्ये पहिलं बालगृह, म्हणजे लहान मुलांची शाळा, सुरू केलं. त्यांच्या पद्धतीत खुर्ची उचलून ठेवणं, दार हळू लावणं हेसुद्धा स्वतंत्र धडे असतात आणि ते देताना शब्द कमीत कमी वापरायचे असतात. माझा अनुभवही तसाच आहे. खुर्ची आवाज न करता कशी ठेवायची, यावर घालवलेली पंधरा मिनिटं वर्षभर पुरतात.

हा सराव रोज, त्याच क्रमाने, निदान दोन-तीन आठवडे चालला पाहिजे. पहिल्या आठवड्यात बाकीचं शिकवणं मागे पडलं तरी चालेल. तुमचे वरिष्ठ कुरकुरतील, कुरकुरू द्या.

‘नका’ची यादी

भिंतीवर दहा नियम लावलेले वर्ग मी पाहिलेत: पळू नका, ओरडू नका, ढकलू नका, सांडू नका. मुलांना वाचता येत नाही, म्हणजे हा तक्ता पालकांसाठीच म्हणायचा. आणि वाचून दाखवला तरी ‘नका’ची वेगळीच अडचण आहे.

रशियन मानसशास्त्रज्ञ अलेक्झांडर लुरिया यांनी लहान मुलांच्या हातात रबरी फुगा देऊन प्रयोग केले होते. एक दिवा लागला की फुगा दाबायचा, दुसरा लागला की दाबायचा नाही. तीन-चार वर्षांची मुलं "दाबायचं नाही" असं स्वतःच्या तोंडाने म्हणत आणि म्हणता म्हणताच फुगा दाबत. या वयात शब्द हाताला कामाला लावतो. त्याला आवरायचं बळ त्या शब्दात अजून आलेलं नसतं. "पळू नका" यातलं ‘पळू’ पायांना आधी कळतं.

म्हणून काय करायचं ते सांगा. "पळू नका"ऐवजी "चालत या". "ढकलू नका"ऐवजी "हात आपल्यापाशी". नियम तीन-चारच ठेवा आणि प्रत्येकाचं चित्र लावा, जमलं तर तुमच्याच वर्गातल्या मुलांचे फोटो काढून. "नीट बसा", "शहाण्यासारखं वागा" ही वाक्यं सोडून द्या, कारण नीट म्हणजे कसं हे मोठ्यांनाही धड सांगता येणार नाही. मात्र कुणी कात्री घेऊन धावत असेल, तर वाक्यरचनेचा विचार करत बसू नका. मोठ्याने "थांब!" म्हणा.

एका दमात चार सूचना हीसुद्धा नेहमीची चूक. "दप्तर ठेवा, बूट काढा, पाणी प्या आणि सतरंजीवर बसा" म्हटलं की मुलं बुटांसकट, दप्तर पाठीवर घेऊन थेट सतरंजीवर येतात. शेवटचं तेवढं ऐकलेलं असतं. एक काम झालं की दुसरं सांगा, किंवा क्रमाची चित्रं दाराजवळ त्यांच्या नजरेच्या उंचीवर लावा.

मधला रिकामा वेळ

वर्गातली भांडणं कधी होतात, ते एक आठवडा टिपून बघा. गोष्ट चालू असताना फारशी होत नाहीत. एक काम संपून दुसरं सुरू होईपर्यंतच्या फटीत ती उगवतात. साधा हिशेब आहे: मुलं 22, नळ दोन, एकाला एक मिनिट. शेवटच्या जोडीला दहा मिनिटं नुसतं उभं राहायचंय. मोठी माणसं अशा रांगेत काय करतात, आठवा! मुलांकडे फोन नसतो, म्हणून ती पुढच्याची वेणी ओढतात.

चार-चार मुलं पाठवा, बाकीच्यांबरोबर गाणं चालू ठेवा. "पाच मिनिटांत आवरायचंय" याला या वयात अर्थ नसतो. "अजून दोघांची पाळी झाली की आवरू" हे कळतं, वाळूचं घड्याळही कळतं. रंगात आलेला खेळ एकदम मोडायला लावला, तर रडारड आपण ओढवून घेतलेली असते.

थांबण्याच्या खुणेचंही तेच. घंटा वाजली की हात थांबायचे, डोळे ताईकडे, असं ठरलं असेल तर सगळे थांबेपर्यंत पुढचा शब्द बोलू नका. गोंगाटातच सूचना द्यायला लागलात, तर घंटेकडे लक्ष नाही दिलं तरी चालतं, हे तुम्हीच शिकवलंत. ‘स्टॅच्यू’चा खेळ या सरावाला फार उपयोगी. नाचता नाचता एकदम थांबायचं. अंग आवरायची ताकद खेळातच वाढते, त्यासाठी वेगळा तास नको.

स्टिकर आणि शिक्षा

स्टिकरने वर्ग आठवडाभर छान चालतो, मग मुलं विचारू लागतात, "मी खेळणी आवरली तर काय देणार?" 1973 साली लेपर, ग्रीन आणि निस्बेट या अमेरिकी संशोधकांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. ज्यांना स्केचपेनने चित्रं काढायला आवडत होती, अशी बालवाडीतली मुलं त्यांनी निवडली आणि काहींना आधीच बक्षीस कबूल केलं. पुढे मोकळ्या वेळात त्या मुलांची चित्रं काढायची ओढ बाकीच्यांपेक्षा कमी झालेली दिसली. हे मुळात आवडीच्या कामाबद्दल आहे, तेव्हा स्टिकर कायमचे फेकून द्या असं मी म्हणणार नाही. एखाद्या मुलाला एखादी गोष्ट खरंच जड जात असेल, तर थोडे दिवस चालतात. पण जे आपणहून होतंय त्याला भाव लावू नका. नुसत्या "शाब्बास"पेक्षा "खुर्ची आत सरकवलीस, आता वाट मोकळी झाली" हे जास्त शिकवून जातं.

शिक्षेबद्दल थोडक्यात. पाणी सांडलं तर फडकं द्या, ठोकळे फेकले तर ठोकळे थोडा वेळ बाजूला. सकाळच्या चुकीसाठी दुपारचा खेळ बंद करू नका. दुपारपर्यंत मूल ती चूक विसरलेलं असतं, आणि ज्याला बसवत नाही त्यालाच धावण्याची सगळ्यात जास्त गरज असते. शी-शूला जायची परवानगी कोणत्याही नियमाला बांधू नका. यात अपवाद नाही.

आणि ताईंचा एक नियम, मदतनीस मावशींचा दुसरा, असं असेल तर मुलांना दोष देण्यात अर्थ नाही. आठवड्यातून दहा मिनिटं दोघींनी बसून ठरवा. तेवढं पुरतं.

कालपर्यंत जमत होतं, आज का नाही?

मोठी सुट्टी, आजारपण, वर्गात आलेलं नवीन मूल, बदललेलं वेळापत्रक, अपुरी झोप. यातलं काहीही झालं की घडी मोडते. चिडू नका, दोन-तीन दिवस पुन्हा पहिल्या पायरीपासून करून घ्या. दुसऱ्यांदा लवकर बसते.

सगळा वर्ग ऐकतोय आणि एकच मूल ऐकत नसेल, तर शब्दशः घ्या: त्याला ऐकू येतंय का? घरची भाषा वेगळी असेल तर सूचना समजतेय का? सर्दीनंतर कानाच्या पडद्यामागे पाणी साठून काही आठवडे कमी ऐकू येणं या वयात बरंच आढळतं.

एका वर्षी घंटा वाजली तरी ठोकळे रचत राहणारा एक मुलगा माझ्या वर्गात होता. हट्टी म्हणून मी मनात त्याची नोंदही करून टाकली होती. एकदा घंटा सापडेना, म्हणून मी नुसता हात वर केला, तर सगळ्यात आधी तोच थांबला. मग त्याच्या पाठीमागे उभी राहून हळूच त्याचं नाव घेतलं. तो वळला नाही. संध्याकाळी त्याच्या आईला कान तपासून घ्यायला सांगितलं, आणि उपचारानंतर दीड-दोन महिन्यांत तो घंटेलाही थांबायला लागला. हात वर करायची पद्धत मात्र आम्ही तशीच ठेवली आहे, घंटेच्या जोडीला.