जूनमध्ये येणारं पाकीट: जपानच्या शाळेत इंग्रजी शिकवायला निघालेल्यांसाठी

तुम्ही हे वाचताय म्हणजे पदवी हातात आहे, एखादी मुलाखत झाली आहे किंवा होऊ घातली आहे. एएलटी, म्हणजे जपानी शिक्षकाच्या जोडीचा सहाय्यक इंग्रजी शिक्षक, काय करतो, हाकेन, म्हणजे शाळांना असे शिक्षक पुरवणारी कंपनी, कशी चालते, थेट शिक्षण मंडळाची नोकरी वेगळी कशी, हे तुम्हाला माहीत असणार. म्हणून तिथून सुरुवात करत नाही. ऑक्टोबर २०१९ मधल्या एका दुपारपासून करते, कारण ती दुपार आठवली की अजूनही पोटात गोळा येतो.

तोचिगी प्रीफेक्चरमधल्या, म्हणजे प्रांतातल्या, एका प्राथमिक शाळेत मी तेव्हा शिकवत होते. पाचवा तास संपवून मी जिमुशित्सुत, म्हणजे शाळेच्या ऑफिसात गेले आणि तिथल्या बाईंपुढे तीन पाकिटं ठेवली. त्यातली दोन मी उघडलीही नव्हती. बाईंनी कात्रीने पाकिटाची कड कापली, कागद सरळ केला, पट्टी घेतली आणि एकेका ओळीखाली धरून सावकाश वाचायला लागल्या. दुसऱ्या ओळीवर थांबून त्यांनी विचारलं, "सेन्सेई, हे जूनपासून येतंय का?" मी हो म्हटलं. त्यांनी पट्टी खाली ठेवली, स्टाफरूमचं दार लावून घेतलं आणि शियाकुशोला, म्हणजे नगरपालिकेला, फोन लावला.

तो जुमिनझेई होता, रहिवासी कर. वर्षाचे सुमारे १ लाख २० हजार येन, आणि त्यातले दोन हप्ते थकलेले. तिसरं पाकीट ताकीद होती. न भरल्यास पगार किंवा बँक खातं जप्त करता येतं, असं त्यात लिहिलेलं. तेव्हा माझ्या खात्यावर ४० हजार येनही नव्हते, कारण आदल्याच महिन्यात मी सांगलीला घरी पैसे पाठवले होते.

हे कसं झालं ते जरा लांबण लावून सांगते. कंटाळा आला तरी वाचा.

मी ऑगस्ट २०१७ च्या अखेरीस आले. पगाराच्या पावतीवर दर महिन्याला आयकर कापलेला दिसायचा. मला वाटलं, झालं, कर भरला जातोय. पण जपानमध्ये पगारदाराचे कर दोन आहेत. आयकर राष्ट्रीय, तो दर महिन्याला पगारातून कापला जातो. जुमिनझेई तुम्ही राहता त्या शहराचा आणि प्रीफेक्चरचा, आणि तो मागच्या वर्षाच्या कमाईवर बसतो. जानेवारी ते डिसेंबर कमवायचं आणि त्यावरचा कर पुढच्या जूनपासून त्याच्या पुढच्या मेपर्यंत भरायचा. ढोबळ हिशेबाने वजावटी जाऊन उरलेल्या रकमेच्या दहा टक्के.

आता माझा हिशेब बघा. २०१७ मध्ये मी चारच महिने कमावलं. ती रक्कम इतकी थोडी होती की जून २०१८ मध्ये मला काहीच आलं नाही. मग २०१८ चं पूर्ण वर्ष कमाई झाली, सुमारे २४ लाख येन. त्यावरचा कर आला जून २०१९ मध्ये. म्हणजे येऊन जवळजवळ दोन वर्षं झाली तरी या कराचं नावसुद्धा माझ्या कानावर आलं नव्हतं. तोवर मी माझं बजेट पक्कं केलं होतं. भाडं इतकं, घरी इतकं, शिल्लक इतकी. त्या बजेटमध्ये या पाकिटाला जागाच नव्हती.

पुष्कळ कंपन्या हा कर पगारातून बारा भागांत कापून स्वतः भरतात. माझी कापत नव्हती. अशा वेळी शहर थेट तुमच्या घरी चार हप्त्यांच्या चिठ्ठ्या पाठवतं, साधारण जून, ऑगस्ट, ऑक्टोबर आणि जानेवारीच्या. त्या कोनबिनीत, म्हणजे चोवीस तास उघड्या दुकानात, नेऊन रोख भरायच्या. इथे नोकरीला लागलात की पगाराची पावती काढा आणि जुमिनझेईचा रकाना शोधा. दुसऱ्या वर्षाच्या जूननंतरही तिथे शून्य असेल, तर पाकीट तुमच्या घरी येणार आहे किंवा आलेलं आहे. त्याच सुमाराला आरोग्य विम्याचंही पाकीट येतं. शहराचा विमा, म्हणजे कोकुहो, असेल तर त्याचा हप्ताही मागच्या वर्षाच्या कमाईवर ठरतो. पहिल्या वर्षी जपानमधली मागची कमाई शून्य, म्हणून तो फार स्वस्त पडतो. माझा पूर्ण वर्षाच्या कमाईवर ठरला तेव्हा एकदम सात-आठपट झाला.

आणि १ जानेवारी. ही तारीख भिंतीवर लिहून ठेवा. १ जानेवारीला तुमची नोंद ज्या शहरात आहे, त्या शहराला त्या वर्षाचा पूर्ण जुमिनझेई द्यायचा. फेब्रुवारीत सायतामाला बदली झाली तरी बिल तोचिगीचंच. मार्चमध्ये करार संपून भारतात परत गेलात तरी बिल येणारच, कारण १ जानेवारीला तुम्ही इथे होतात. आपली नोकरी नेमकी मार्चअखेर संपते, म्हणून हा नियम आपल्यालाच सगळ्यांत जास्त लागतो. जाण्याआधी एकतर कर आगाऊ भरायचा, नाहीतर नोझेई कानरीनिन नेमायचा, म्हणजे तुमच्या वतीने कर भरणारी इथली व्यक्ती. शियाकुशोत एक फॉर्म भरला की काम होतं.

न भरता निघून गेलं तर काय होतं, असं मला बरेच जण विचारतात. असं करू नका. पुन्हा यायचं असेल, कायम वास्तव्य मिळवायचं असेल, तर कर वेळेवर भरल्याचे कागद मागतात. नुसतं भरलं हे पुरत नाही, वेळेवर भरलं का हे बघतात. माझे ते दोन उशिरा भरलेले हप्ते मला पुढे फार महागात पडले.

त्या दुपारी मात्र निदान जप्ती टळली. बाईंनी फोनवरच विचारून घेतलं की रक्कम वाटून देता येईल का. दुसऱ्या दिवशी मी काउंटरवर गेले, पगाराच्या पावत्या दाखवल्या, आणि थकबाकीचे महिन्याला दहा-दहा हजारांचे भाग करून मिळाले. कोणी ओरडलं नाही. पाकीट आलं असेल आणि पैसे नसतील, तर लपून बसू नका, काउंटरवर जा. आधीच जाऊन सांगणाऱ्याशी इथली माणसं नीट वागतात.

याच्याशी जोडलेलं माझं एक ठाम मत आहे. पुण्यात जपानी शिकणारे आपण बोलण्यावर जीव टाकतो. एन-फोर, म्हणजे जपानीची खालून दुसरी परीक्षा, झाली, स्वतःची ओळख फाडफाड करून देता आली की वाटतं जमलं. मीही तशीच आले होते. पण मुलांशी आणि शिक्षकांशी बोलायला हातवारेही पुरतात. पाकिटाशी हातवारे चालत नाहीत. त्या पाकिटावरची ‘शहर’ ही कांजी, म्हणजे चिनी वळणाचं अक्षर, मी ओळखली होती, ‘कर’ ही नाही, म्हणून मला ते शहराचं काहीतरी पत्रक वाटलं. येण्याआधी कर, विमा, पेन्शन, भरणा, मुदत आणि ताकीद एवढ्या शब्दांच्या कांजी डोळ्यांत बसवा. व्याकरण नंतर येईल.

दुसरं मत मार्गदर्शकांबद्दल. तुमच्या आधी दोन वर्षं आलेला परदेशी शिक्षक मनाने चांगला असतो, पण त्याला त्याच्या कंपनीपुरतं माहीत असतं. मला ‘जुमिनझेई आपल्याला लागत नाही’ असं छातीठोक सांगणारा असाच एक सीनियर होता. त्याला खरोखरच तसं वाटत होतं, कारण त्याचा पगारातून कापला जात होता. तुमची खरी गुरू शाळेच्या ऑफिसातली ती व्यक्ती, जिच्याकडे कोणी एएलटी सहसा जात नाही. पहिल्याच आठवड्यात तिथे जाऊन नमस्कार करा. सुट्टीला गावी गेलात तर तिच्यासाठी आठवणीने चिवडा आणा.

कराराबद्दल थोडक्यात. मी आले तेव्हा माझ्या करारात आठवड्याचे २९.५ तास लिहिले होते. शाळेत प्रत्यक्षात मी सकाळी आठ ते चार असायचे. ३० तास भरले की कंपनीला शाकाई होकेन, म्हणजे आरोग्य विमा आणि पेन्शन यांचा अर्धा वाटा, उचलावा लागायचा. तो अर्धा तास त्यासाठी कापलेला होता. ऑक्टोबर २०२४ पासून ५१ किंवा त्याहून जास्त कर्मचारी असलेल्या कंपन्यांना आठवड्याला २० तास काम करणाऱ्यांनाही सामावून घ्यावं लागतं, त्यामुळे ही पळवाट पुष्कळ आवळली आहे. तरीही सही करण्याआधी तीन गोष्टी लेखी विचारा. शाकाई होकेन आहे का, जुमिनझेई पगारातून कापणार का, आणि ऑगस्टचा पगार पूर्ण मिळणार का. उन्हाळी सुट्टीत पगार कापणाऱ्या कंपन्या आहेत, आणि भाडं मात्र ऑगस्टमध्येही तेवढंच असतं. जमत असेल तर १९८७ पासून चालू असलेल्या, परदेशी शिक्षकांना बोलावणाऱ्या सरकारी जेट कार्यक्रमासाठी आधी अर्ज करा. भारतातून जागा मोजक्या असतात, पण पगार आणि विमा यांची चिंता तिथे खूप कमी. नोकरी लावून देतो म्हणून तुमच्याकडेच पैसे मागणाऱ्या एजंटाला एक रुपयाही देऊ नका. शनिवार-रविवारी मिळणारी टेफलची, म्हणजे इंग्रजी शिकवण्याची, सर्टिफिकेटंही माझ्या मते पैसे वाया घालवणं आहे. त्याऐवजी गावातल्या कुठल्याही शाळेत सहा महिने चाळीस मुलांसमोर उभे राहा.

पब्लिक शाळेतल्या व्हिसासाठी बारा वर्षं इंग्रजी माध्यमातून शिकल्याचा पुरावा लागतो. आपल्याकडे शाळा बदललेल्या असतात, म्हणून प्रत्येक शाळेचं माध्यमाचं पत्र वेगळं घ्यावं लागतं. माझं एक पत्र मिळायला दोन महिने गेले, त्यामुळे हे काम आजच सुरू करा. पूर्ण मराठी माध्यमातून आलेल्यांना ही वाट जवळपास बंद आहे. हे लिहितानाही मला वाईट वाटतं, पण खोटी आशा दाखवण्यात अर्थ नाही.

आणि ‘नेटिव्ह’ हा शब्द. तो तुम्हाला लागणार आहे. एका शाळेत माझ्या पहिल्याच दिवशी, मी ऐकतेय हे माहीत असूनही, एका शिक्षकाने दुसऱ्याला विचारलं की यंदा अमेरिकन नाही का मिळाला. त्या रात्री मी खूप रडले. पण मुलांना तिसऱ्या आठवड्यात याचं काहीही वाटत नाही, आणि आपल्या जिभेत असं काही आहे जे त्यांना हवं असतं. जपानी मुलांना ‘ल’ आणि ‘र’ यांतला फरक ऐकू येत नाही. आपल्याकडे ‘ल’ आहे, ‘र’ आहे, आणि वर ‘ळ’ही आहे. जीभ कुठे टेकते हे आपण दाखवू शकतो, कारण आपण ते वेगवेगळं म्हणत मोठे झालो. मी तिसरीच्या वर्गात फळ्यावर तोंडाचं चित्र काढते, जीभ लाल खडूने, आणि ‘ल, र, ळ’ अशी माळ म्हणायला लावते. ‘ळ’ आला की वर्ग हसतो आणि पुन्हा म्हणायला मागतो. मग ‘लाइट’ आणि ‘राइट’ पुष्कळ सोपे होतात. बदल्यात स्वतःची एक चूक दुरुस्त करा: इंग्रजीतली ‘व्ही’ आणि ‘डब्ल्यू’ ही दोन्ही अक्षरं आपण एकाच ‘व’ने उरकतो. मी आरशासमोर महिनाभर सराव केला, ओठ चावून ‘व्हेरी’ आणि ओठ गोल करून ‘वेट’.

२०२० पासून पाचवी-सहावीला इंग्रजी हा गुणांचा विषय झाला आहे आणि तिसरी-चौथीला इंग्रजीचे उपक्रम असतात. त्यामुळे नुसते खेळ घेऊन आता भागत नाही, वर्गशिक्षकाबरोबर बसून पाठाची आखणी करावी लागते. त्यासाठी वेळ मागायला लाजू नका.

शाकाहाऱ्यांना एक सांगायचं आहे. शाळेचं क्युशोकु, म्हणजे दुपारचं जेवण, मुलांबरोबर वर्गातच असतं, आणि भाजीच्या सूपमध्येही माशाचं दाशी, म्हणजे माशाचा अर्क, असतं. पहिल्या दिवशीच उपमुख्याध्यापकांना, क्योतो-सेन्सेईंना, स्पष्ट सांगा आणि डबा न्या. संकोचाने महिनाभर भात आणि दूध यांवर काढू नका, मी काढलाय. डबा उघडला की मुलं पोळीकडे बघायला येतात आणि तिथेच अर्धं इंग्रजी होतं.

एकटेपणा येतो, विशेषतः जानेवारीत, कोरडा वारा सुटतो तेव्हा. महिन्यातून एकदा गाडीत बसा आणि तोक्योच्या निशी-कासाईला जा. तिथे मराठी कानावर पडतं, तूरडाळ मिळते. तोक्यो मराठी मंडळाचा गणपतीही चुकवू नका.

गेल्या मार्चमध्ये माझ्याबरोबरची एक नागपूरची मुलगी करार संपवून परत गेली. जाण्याआधी आम्ही दोघी शियाकुशोत गेलो आणि तिने नोझेई कानरीनिन म्हणून माझं नाव दिलं. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात तिचं पाकीट माझ्या पत्रपेटीत आलं. तिने पैसे आधीच माझ्याकडे ठेवले होते. मी चारही चिठ्ठ्या एकदम कोनबिनीत नेल्या. काउंटरवरच्या मुलाने एकेक स्कॅन केली, पावत्यांवर चार शिक्के मारले, आणि मी दुकानाच्या दारातच त्यांचा फोटो काढून तिला पाठवला. तिकडे सकाळचे सहा वाजले असतील. तरी तिचं लगेच उत्तर आलं: "चारही भरले ना?"