लाडू वळेनात, मसाल्याला गाठी: या चुका टाळा

आईच्या वहीत पाकातल्या रव्याच्या लाडवांचं प्रमाण आहे: ४ वाट्या रवा, अर्धा किलो साखर. वही माझ्याबरोबर साताऱ्याहून परळला आली, वाटी तिथेच राहिली. मी माझ्या स्टीलच्या वाटीने रवा घेतला आणि लाडू काही वळेचनात. हाताला नुसता चिकटा. आईला फोन केला तर ती आधी हसली, मग म्हणाली, “अगं, माझी वाटी आमटीची. तुझी चटणीची असेल.”

दोष वाटीचा नव्हता. रवा आणि साखर एकाच वाटीने मोजली असती तर कुठलीही वाटी चालली असती. एक जिन्नस वाटीने आणि दुसरा वजनाने घेतला की गणित चुकतं. जुन्या वह्यांत आणि शेजारणीने जिन्यात उभ्या उभ्या सांगितलेल्या कृतींत हा घोळ हमखास असतो. घरातली एक वाटी ठरवून टाका, त्या वाटीने रवा, बेसन, साखर, गूळ एकदा काट्यावर तोला आणि ग्रॅम वहीच्या पहिल्या पानावर लिहा. फसलेलं मिश्रण टाकू नका. दोन-तीन तास झाकून ठेवा, रवा पाक ओढून घेतो. तरी सैल वाटलं तर थोडा रवा तुपावर भाजून त्यात मिसळा. उलट भुगा झाला तर कोमट दुधाचा हबका मारा, पण ते लाडू लवकर संपवा; आपल्या दमट हवेत दूध घातलेलं टिकत नाही.

ही हवा मसाल्याचीही वैरीण. एप्रिल-मेमध्ये लालबागच्या मिरची गल्लीत नाकाला पदर लावून फिरायची मला हौस आहे. रंगाला बेडगी, तिखटपणाला संकेश्वरी, एवढं बहुतेकांना माहीत असतं. चूक होते ती नंतर. डंकावरून मसाला कोमट येतो आणि आपण दमलेले असतो, म्हणून तसाच बरणीत भरून झाकण घट्ट लावतो. आत वाफ धरते आणि जुलैत बरणी उघडावी तर गाठी. मसाला परातीत पसरून पूर्ण गार होऊ द्या (पंख्याखाली नको, सगळी चाळ शिंकेल), मग कोरड्या बरणीत दाबून भरा, तळाला आणि वर हिंगाचे खडे ठेवा. रोजच्यासाठी छोटा डबा वेगळा काढा. आपल्या चिंचोळ्या स्वयंपाकघरांत मसाल्याची मांडणी नेमकी गॅसच्या वर असते. निदान हा डबा तिथे ठेवू नका, आणि उकळत्या आमटीवर उपडा करून मसाला घालू नका. नुसत्या गाठी असतील तर फोडून, उन्हात वाळवून चालतं. बुरशीचा वास आला तर वरचा थर काढून भागत नाही, सगळा टाकायचा. जीव तुटतो, पण टाकायचा.

इडलीच्या पिठाचे तास दुसऱ्यांच्या घड्याळावर मोजू नका. मेमध्ये दुपारी वाटलेलं पीठ रात्रीपर्यंत वर येतं, जानेवारीत अख्खी रात्र कमी पडते. डबा निम्माच भरा. आंबट झालं तर कांदा-मिरची घालून उत्तपे.

पाहुण्यांच्या दिवशी नवा पदार्थ? नको.

आता माझा दुसरा छंद, खिडकीच्या ग्रिलमधला कढीपत्ता. फोडणी तडतडत असताना आपण घाईत सुटी पानं ओरबाडतो, मग झाड काठीसारखं उंच होतं. शेंड्याची काडीच खुडा, म्हणजे बाजूला फांद्या फुटतात. फुलोरा दिसला की तोही खुडा. पाणी माती वरून सुकल्यावरच घाला, आणि कुंडीखाली ताटली हवीच. नाहीतर खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या वाळत घातलेल्या चादरीवर तांबडे ओघळ उतरतात, आणि कढीपत्त्याची पहिली जुडी त्यांच्याकडे पोचवावी लागते.