नॅनोफिल्ट्रेशन पटल घडवताना सर्फॅक्टंटची मात्रा कशी ठरवावी

नॅनोफिल्ट्रेशन पटल म्हणजे पाण्यातील काही क्षार अडवणारी अतिसूक्ष्म छिद्रांची चाळणी. पॉलिइथरसल्फोन या प्लास्टिकच्या सच्छिद्र आधारावर पाण्यातील पिपेराझिन आणि हेक्झेनमधील ट्रायमेसॉइल क्लोराइड यांची गाठ पडली की, काही सेकंदांत पॉलिअमाइडचा अत्यंत पातळ थर धरतो आणि क्षार अडवण्याचे काम हाच थर करतो. पिपेराझिन पाण्यातून हेक्झेनमध्ये सर्वत्र सारख्या वेगाने शिरले नाही, तर थरातील छिद्रे लहानमोठी होतात. सोडियम डोडेसिल सल्फेट (एसडीएस) या सर्फॅक्टंटचे, म्हणजे पृष्ठताण कमी करणाऱ्या साबणासारख्या पदार्थाचे, रेणू पाणी आणि हेक्झेन यांच्या सीमेवर ओळीने बसून हा प्रवेश एकसारखा करतात, हे २०२० साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दाखवले गेले.

प्रश्न मात्रेचा आहे. शुद्ध पाण्यात २५ अंश सेल्सिअसला सुमारे ८ मिलिमोल प्रतिलिटर, म्हणजे लिटरला साधारण २.३ ग्रॅम एसडीएस झाल्यावर सीमा भरते आणि त्यापुढचे रेणू मायसेल, म्हणजे एकत्र जमलेल्या रेणूंचे सूक्ष्म पुंजके, बांधू लागतात. विद्रावात इतर आयन असतील तर हा टप्पा आधीच येतो. म्हणून पुस्तकातील आकड्यावर न थांबता प्रत्यक्ष पिपेराझिनच्या विद्रावात एसडीएस वाढवत नेऊन पृष्ठताण मोजावा, आणि तो घसरायचा थांबतो त्या संहतीच्या शून्यपट, अर्धी, एकपट व दुप्पट अशा चार मात्रांची पटले करावीत. सर्फॅक्टंटविरहित पटल वगळण्याचा मोह होतो, पण त्यावाचून बाकीच्या तिन्ही आकड्यांना अर्थ राहत नाही.

सुरुवातीला वजनाने ०.२५ टक्के पिपेराझिन आणि ०.२ टक्के ट्रायमेसॉइल क्लोराइड घ्यावे. एसडीएस सावकाश ढवळावे आणि फेस पूर्ण बसू द्यावा, कारण आधारावर राहिलेला एक बुडबुडाही थरात भोक पाडतो. सामू (पीएच) वाढवायचा झाल्यास पोटॅशियम हायड्रॉक्साइड टाळावे. पोटॅशियम डोडेसिल सल्फेट सामान्य तापमानाला साक्याच्या रूपात खाली बसते. थंडीत, १५ अंशांखाली, एसडीएस स्वतःच स्फटिकरूपात वेगळे होऊ लागते. आधार पिपेराझिनच्या विद्रावात भिजवल्यावर वरचे पाणी रबरी रोलरने निपटावे, धूरनिष्कासन कपाटात हेक्झेनचा विद्राव ओतून अर्धा मिनिट थांबावे, मग तो काढून पटल ओव्हनमध्ये थोडा वेळ पक्के करावे. हेक्झेन पुरते उडून जाण्यापूर्वी ते ओव्हनमध्ये ठेवू नये, कारण त्याची वाफ पेट घेते.

चाचणीपूर्वी पटलातून शुद्ध पाणी सोडत राहावे. उरलेले एसडीएस गाळलेल्या पाण्याची विद्युतवाहकता वाढवते आणि पटल क्षार सोडत असल्याचा भास होतो; म्हणून वाहकता स्थिर होईपर्यंत धुवावे.

त्यानंतर सोडियम सल्फेट, मॅग्नेशियम क्लोराइड आणि सोडियम क्लोराइड यांचे लिटरला २ ग्रॅमचे विद्राव समान दाबाखाली वेगवेगळे तपासावेत. पाण्याचा प्रवाह वाढला म्हणून हुरळून जाऊ नये. सल्फेटची अडवणूक त्याच वेळी घसरली असेल, तर थराला भोके पडली आहेत. सोडियम क्लोराइड बऱ्याच प्रमाणात निसटणे मात्र नॅनोफिल्ट्रेशनमध्ये स्वाभाविक आहे. पटलावरील ऋण भार सल्फेटला दूर ढकलतो, त्यामुळे केवळ क्षारांवरून छिद्रांचा आकार कळत नाही. त्यासाठी ग्लुकोज, सुक्रोज आणि रॅफिनोज हे भाररहित रेणू वापरावेत, आणि एकाच पटलाच्या मध्यातून व कडेकडून कापलेल्या तुकड्यांवर ही तपासणी पुन्हा करावी.