द्रावण तयार करताना या चुका टाळा

पदार्थ विरघळत नाही असं दिसलं की नव्या मुलांचे हात दोनच गोष्टींकडे जातात, स्टिरर आणि हॉटप्लेट. हा पदार्थ या द्रावकात, या तापमानाला मुळात विरघळतो किती, हे आधी कोणी बघत नाही.

ढवळल्याने किंवा बारीक पूड केल्याने पदार्थ लवकर विरघळतो, जास्त विरघळत नाही. २० अंश सेल्सिअसला १०० ग्रॅम पाण्यात साधारण ३६ ग्रॅम मीठ विरघळतं. तिथे द्रावण संपृक्त झालं. त्यापुढे टाकलेलं मीठ तळाशीच राहणार, स्टिरर रात्रभर फिरवला तरी.

याचा सगळ्यात महागात पडलेला प्रकार मी ईडीटीएच्या, म्हणजे पाण्याचा जडपणा मोजायला वापरतात त्या रसायनाच्या बाबतीत पाहिला. एका विद्यार्थ्याला डायसोडियम ईडीटीएचं ०.५ मोलार (लिटरभर द्रावणात अर्धा मोल) द्रावण करायचं होतं. लिटरला १८६.१ ग्रॅम, वजन अगदी बरोबर घेतलं होतं. पाण्यात टाकल्यावर दुधासारखा पांढरा गढूळपणा आला आणि तो काही केल्या जाईना. त्याने स्टिररचा वेग वाढवला, मग गरम केलं. बरंचसं विरघळलं, पण गार झाल्यावर पुन्हा खाली बसलं. शेवटी कंटाळून त्याने ते गाळून घेतलं आणि नितळ द्रावणाच्या बाटलीवर ‘०.५ मोलार’ असं लेबल लावलं. पुढे त्याच बाटलीतून विरल द्रावण करून पाण्याचा जडपणा मोजला गेला आणि प्रत्येक नमुना जवळजवळ दुप्पट जड निघू लागला. आम्ही बफर बदललं, इंडिकेटर नवा केला, ब्युरेट तपासली. अखेर जस्ताच्या प्रमाणित द्रावणाशी ताडून पाहिलं तेव्हा कळलं की बाटलीतली संहती, म्हणजे विरघळलेल्या पदार्थाचं प्रमाण, लेबलच्या निम्म्याच्या आसपास आहे. उरलेला ईडीटीए गाळणकागदासोबत कचऱ्यात गेला होता.

इथे अडचण तापमानाची नव्हतीच, पीएचची होती. हा क्षार पाण्यात आम्लधर्मी राहतो आणि त्या रूपात त्याची विद्राव्यता कमी असते. सुमारे ८०० मिलिलिटर पाण्यात तो टाका आणि ढवळत ढवळत सोडियम हायड्रॉक्साइडच्या गोळ्या थोड्या थोड्या घाला. पीएच ८ च्या जवळ आला की गढूळपणा निघून जातो. मगच एक लिटरपर्यंत पाणी भरा. आणि मोजून घेतलेलं द्राव्य गाळून कधीही टाकू नका. माझ्याकडे गाळलेल्या बाटलीला मूळ संहतीचं लेबल लागत नाही.

‘गरम केलं की जास्त विरघळतं’ हेही सरसकट खरं नाही. पोटॅशियम नायट्रेट १०० ग्रॅम पाण्यात शून्य अंशाला १३ ग्रॅम विरघळतं, १०० अंशाला २४० ग्रॅमच्या वर. मीठ मात्र तेवढ्याच फरकात ३६ वरून जेमतेम ३९ ग्रॅमवर जातं. कॅल्शियम हायड्रॉक्साइडचं तर उलटंच आहे. उकळत्या पाण्यात ते थंड पाण्याच्या निम्म्याहूनही कमी विरघळतं. मी आधी विद्राव्यतेचा तक्ता उघडते, मग हॉटप्लेट लावायची की नाही ते ठरवते.

वायूंना तर गरम करणं म्हणजे हाकलणंच. हवेच्या संपर्कातल्या पाण्यात शून्य अंशाला लिटरमागे १४.६ मिलिग्रॅम ऑक्सिजन राहतो, २० अंशाला ९.१. विरघळलेला ऑक्सिजन मोजायचा नमुना उन्हात ठेवून जेवायला जाणाऱ्यांनी हे दोन आकडे वहीत लिहून ठेवावेत.

दुसरी चूक आकारमानाची. एक मोलार म्हणजे एक लिटर द्रावणात एक मोल, एक लिटर पाण्यात नव्हे. त्यातही घाईचा कहर सोडियम हायड्रॉक्साइडच्या वेळी होतो. ते विरघळताना भरपूर उष्णता सुटते आणि गरम द्रावण तसंच व्हॉल्युमेट्रिक फ्लास्कमध्ये ओतून खुणेपर्यंत पाणी भरलं जातं. गार झाल्यावर पातळी खुणेच्या खाली उतरते. फ्लास्कवर २० अंश लिहिलेलं असतं ते याचसाठी. बीकरमध्ये विरघळवा, हाताला गार लागेपर्यंत थांबा, मग फ्लास्कमध्ये घ्या. ही वाट पाहायची ज्याची तयारी नाही त्याला मी टायट्रेशनला बसवत नाही.

लेबलवरचं स्फटिकजल, म्हणजे स्फटिकातच बांधलेलं पाणी, वाचा. निळ्या मोरचुदाचं रेणुवस्तुमान २४९.७ आहे. निर्जल क्षाराचं १५९.६ धरून वजन केलंत तर द्रावण एक तृतीयांशाहून जास्त कमजोर होईल.

आम्ल पाण्यात ओता, पाणी आम्लात नको.

आयोडीन नुसत्या पाण्यात विरघळवत बसू नका. आधी पोटॅशियम आयोडाइड घाला.

थंडीत ठेवलेल्या बाटलीच्या तळाशी खडे दिसले तर वरचं द्रावण ओतून वापरू नका. कोमट करून सगळे खडे विरघळू द्या, नीट हलवा आणि मगच पिपेट घाला. झाकणाभोवती खडे जमले असतील तर पाणी उडालेलं असतं. ते द्रावण नव्याने करा.