सायकलच्या फ्रेमला नेमक्या कोणत्या साइजचा सीटपोस्ट बसतो ते कसं शोधायचं

सीटपोस्ट, म्हणजे सीटखालचा फ्रेममध्ये जाणारा दांडा, ऑनलाइन मागवायच्या आधी हे एकदा वाचाच, कारण इथे अर्धा मिलिमीटरसुद्धा खूप मोठा फरक असतो. २७.२ मिमीच्या फ्रेममध्ये २७.० चा पोस्ट आरामात आत जातो, वरून क्लॅम्प (फ्रेमच्या तोंडाला पोस्ट आवळणारी रिंग) आवळला की घट्टही वाटतो, आणि मग महिनाभरात सीट हळूहळू खाली सरकायला लागते, कुरकुर आवाज येतो आणि लोक बॉटम ब्रॅकेट (पेडलच्या मधला अॅक्सल) उघडून बघत बसतात.

साइज म्हणजे पोस्टचा बाहेरचा व्यास, आणि तो फ्रेमच्या सीट ट्यूबच्या (पोस्ट ज्यात जातो त्या उभ्या नळीच्या) आतल्या व्यासाशी जुळला पाहिजे. रोड बाइक आणि हायब्रिडमध्ये २७.२ खूप कॉमन, एमटीबीमध्ये (माउंटन बाइक) ३०.९ आणि ३१.६, काही नवीन एमटीबीत ३४.९, स्वस्तातल्या सायकलींत २५.४ आणि २८.६ बरेचदा दिसतात. जुन्या स्टीलच्या फ्रेममध्ये मात्र २६.० पासून २७.२ पर्यंत दर ०.२ ला एक साइज आहे, म्हणजे २६.२, २६.४, २६.६ असं सगळं मिळतं, खरी डोकेदुखी तिथेच आहे.

सगळ्यात आधी आत्ता बसलेला पोस्ट काढा. काढायच्या आधी पोस्टवर फ्रेमच्या तोंडापाशी टेप चिकटवून उंचीची खूण करा, नाहीतर नंतर उंची परत सेट करत बसावं लागतं. पोस्ट पुसून घ्या आणि खालच्या टोकाकडे बघा, मिनिमम इन्सर्शनची (पोस्ट निदान किती आत हवा ते दाखवणारी) रेघ असते तिच्या आसपास साइज कोरलेली किंवा छापलेली असते. सायकल नवीन घेतलेली आणि पोस्ट कंपनीचाच असेल तर काम इथेच संपलं, तोच आकडा घ्यायचा.

पण सायकल सेकंडहँड असेल तर त्या आकड्यावर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. आधीच्या मालकाने किंवा मेकॅनिकने हाताला लागेल तो पोस्ट घातलेला असू शकतो. हे ओळखायची सोपी खूण आहे, पोस्ट परत जागेवर घालून, क्लॅम्प नेहमीसारखा आवळून फ्रेमच्या वरच्या टोकाला जी उभी चीर असते ती नीट बघा. चिरेच्या दोन्ही कडा वरपासून खालपर्यंत साधारण समांतर दिसल्या तर पोस्ट बरोबर आहे. वरच्या बाजूला कडा एकमेकींना टेकत आल्यात आणि खाली चीर रुंद आहे असं दिसलं तर पोस्ट लहान आहे आणि क्लॅम्प बिचारी फ्रेमच दाबून धरतोय. अशा फ्रेमला चिरेच्या खालच्या टोकापाशी क्रॅक जायची भीती असते, तिथे रंगावर केसासारखी रेघ दिसतेय का तेही त्याच वेळी बघून घ्या.

शंका आली की मोजायचं ते फ्रेमच्या आतून. व्हर्निअर किंवा डिजिटल कॅलिपर लागेल, स्टीलचा घ्या, प्लास्टिकवाल्यावर ०.२ चा भरवसा नाही. आतलं माप घ्यायचे वरचे छोटे जबडे वापरायचे. अगदी तोंडापाशी मोजू नका, तिथे ट्यूब क्लॅम्पने दाबली गेलेली असते किंवा कडेला बर (धातूची खरखरीत कड) असते, जबडे जातील तितके खोल घाला आणि क्लॅम्प पूर्ण सैल ठेवा. एकदा पुढे-मागे, एकदा डावी-उजवी, आणि मग तिरकं असं दोन-तीनदा मोजा. आकडे एकमेकांशी जुळत नसतील तर ट्यूब गोल राहिलेली नाही, मग पुढची खरेदी थांबवून चांगल्या फ्रेमवाल्याला दाखवा. पिंपरी-चिंचवड, भोसरीकडे कोणी ओळखीचं मशीन शॉपमध्ये असेल तर काम अजून सोपं, त्यांच्याकडे बोअर (आतला व्यास) मोजायची साधनं असतात आणि दोन मिनिटांत आकडा मिळतो.

कॅलिपर नाही म्हणून पोस्टभोवती दोरा गुंडाळून मोजणारे खूप आहेत. ३०.९ की ३१.६ एवढंच ठरवायचं असेल तर कागदाच्या पट्टीने जमेल, कारण घेर साधारण ९७.१ आणि ९९.३ मिमी येतो, दोन मिलिमीटरचा फरक डोळ्याला दिसतो. पण २७.० आणि २७.२ च्या घेरात जेमतेम ०.६ मिमी फरक आहे, तो दोऱ्याने नाही कळत.

अजून एक गोंधळ, क्लॅम्पवर ३१.८ लिहिलंय म्हणून ३१.८ किंवा ३१.६ चा पोस्ट मागवू नका. क्लॅम्पचा आकडा हा फ्रेमच्या बाहेरच्या व्यासाचा असतो. ३१.८ च्या क्लॅम्पमध्ये बहुतेक वेळा २७.२ चा पोस्ट असतो, आणि ३४.९ च्या क्लॅम्पमध्ये ३०.९ किंवा ३१.६.

स्टीलच्या फ्रेमचं गणित समजून घेतलं तर अंदाज पटकन येतो. बऱ्याच जुन्या स्टील फ्रेमची सीट ट्यूब बाहेरून २८.६ मिमी असते. वरच्या टोकाला पत्रा ०.७ जाड असेल तर दोन्ही बाजूचे मिळून १.४ गेले, राहिले २७.२. पत्रा ०.९ असेल तर २६.८, १.२ असेल तर २६.२. म्हणजे पातळ, चांगल्या ट्यूबची फ्रेम असेल तर पोस्ट जाड, आणि साधी जड फ्रेम असेल तर पोस्ट बारीक.

माप मिळालं की शेवटची खात्री म्हणजे खरा पोस्ट घालून बघणं, माझ्या मते यापेक्षा भारी टेस्ट नाही. फ्रेम घेऊनच जुन्या सायकल दुकानात जा, त्यांच्याकडे पेटीत वेगवेगळे पोस्ट पडलेले असतात. क्लॅम्प सैल ठेवून पोस्ट हाताने किंचित फिरवत आत गेला पाहिजे, थोडी घसट लागली पाहिजे आणि आत गेल्यावर हलवला तर खडखड नको. बसत असलेल्यातला सगळ्यात मोठा तोच तुमचा. हातोडी अजिबात नाही. आत गंज किंवा बर असेल तर बारीक पॉलिश पेपरने साफ करून परत बघा.

साइज मिळतच नसेल तर शिम वापरता येतो, तो म्हणजे मधे घालायची अॅल्युमिनियमची नळी, २७.२ चा पोस्ट ३०.९ किंवा ३१.६ च्या फ्रेममध्ये बसवायला सर्रास वापरतात. शिमची चीर आणि फ्रेमची चीर एका रेषेत ठेवायची. कोल्ड्रिंकचा कॅन कापून गुंडाळायचा जुगाड मात्र नको, तो पत्रा साधारण ०.१ मिमीचा असतो, चुरगळतो आणि पोस्ट फिरायला लागतो. एअरो किंवा डी आकाराचा पोस्ट असेल तर यातलं काहीच लागू होत नाही, त्या मॉडेलचाच मागवावा लागतो.

लांबीही बघा. पोस्ट निदान मिनिमम इन्सर्शनच्या रेघेपर्यंत आत हवाच, शिवाय टॉप ट्यूब (फ्रेमची वरची आडवी नळी) जिथे जोडली जाते त्या जोडाच्या खालीपर्यंत पोचला पाहिजे. उंच माणसाने ३०० मिमीच्या ऐवजी ३५० किंवा ४०० चा घ्यावा.

बसवताना मेटल फ्रेम आणि मेटल पोस्ट असेल तर ग्रीस लावा, कार्बन असेल तर ग्रीस नाही, कार्बन पेस्ट. मुंबई आणि कोकणातल्या लोकांनी हे मनावर घ्याच, स्टीलच्या फ्रेममध्ये अॅल्युमिनियमचा पोस्ट खाऱ्या दमट हवेत असा जाम होतो की नंतर कापून काढावा लागतो. पावसाळ्याआधी एकदा आणि नंतर एकदा पोस्ट बाहेर काढून, पुसून, ताजं ग्रीस लावून परत टेपच्या खुणेवर बसवा, आणि क्लॅम्प त्यावर लिहिलेल्या टॉर्कलाच (आवळायच्या जोराला) आवळा, तो बहुतेक वेळा ५-६ न्यूटन मीटरच्या आसपास असतो.