चॉकलेट शेक मागवायचा कसा, ब्राउनी निवडायची कशी: ठाणे-नवी मुंबईकरांसाठी

ठाणेकराला चॉकलेटचं कौतुक वेगळं सांगायला नको, हायवेवरच्या एका आख्ख्या सिग्नलला आपण कॅडबरी जंक्शन म्हणतो आणि रिक्षावाल्याला तेवढं सांगितलं की काम होतं. पण गंमत बघा, चॉकलेट खायला म्हणून मुद्दाम बाहेर पडलो की आपण मेनूतलं सगळ्यात उंच, सगळ्यात महाग, वर डोनट आणि वेफर खोचलेलं जे काय असेल ते मागवतो, फोटो काढतो, अर्ध्यावर पोट गच्च होतं आणि मग उरलेल्या अर्ध्याकडे सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसतात. कसं होतं विचारलं तर उत्तर एकच, "गोड होतं". पैसे तेच खर्च करून याच्यापेक्षा खूप जास्त मजा घेता येते, त्यासाठी हे सगळं लिहितेय.

माझा नियम साधा आहे. नवीन दुकानात पहिल्यांदा गेलात की मेनूतला सगळ्यात साधा चॉकलेट शेक मागवायचा. किटकॅट शेक, ओरिओ शेक, न्यूटेला शेक हे सगळीकडे साधारण सारखेच लागतात, कारण चव त्या पाकिटातून नाहीतर बाटलीतून आलेली असते, दुकानदाराचं त्यात फार काही नसतं. साध्या शेकमध्ये लपायला जागाच नाही, दूध, आईसक्रीम, कोको नाहीतर सिरप, संपलं. तो चांगला निघाला तर बाकीचा मेनू बघा, तो पाणचट निघाला तर वरच्या पन्नास रुपयांच्या क्रीमने काही सुधारणार नाहीये.

मागवताना काउंटरजवळच उभे राहा, लाजायचं काय त्यात. शेक घट्ट कशाने केलाय ते बघायचं. आईसक्रीमने घट्ट केलेला शेक हळूहळू पातळ होतो पण शेवटपर्यंत दुधाळ राहतो, बर्फाने केलेला असेल तर थोड्याच वेळात वर फेस आणि खाली चॉकलेटी पाणी असे दोन मजले तयार होतात. म्हणून ऑर्डर देतानाच "बर्फ नका टाकू" सांगून टाकायचं, बहुतेक लोक ऐकतात. आईसक्रीमचा डबा दिसला तर त्यावर आईसक्रीम लिहिलंय की फ्रोजन डेझर्ट तेही वाचा. आईसक्रीममधलं फॅट दुधाचं असतं, फ्रोजन डेझर्टमध्ये वनस्पती तेलाचं, आणि आपल्याकडे ते पाकिटावर छापावंच लागतं. फ्रोजन डेझर्ट विष वगैरे नाही हो, पण शेक प्यायल्यावर टाळूला जो एक तुपकट थर राहिल्यासारखा वाटतो तो बरेचदा तिथून येतो.

आता कोको. कोको पावडर थंड दुधात नीट विरघळत नाही, आधी थोड्या गरम पाण्यात किंवा गरम दुधात तिची पेस्ट करावी लागते. घाईगर्दीत पावडर थेट जारमध्ये टाकून फिरवली तर शेवटच्या घोटाला तळाशी चॉकलेटी कचकच लागते, जिभेवर कोरडी कोरडी. ग्लास संपल्यावर तळ बघायचा, तो सगळं सांगतो. आणि नुसतं सिरप मारलं असेल तर कडवटपणा अजिबात नसतो, पहिला घोट ते शेवटचा घोट एकच सपाट गोडी. ग्लासच्या आतल्या भिंतीवर सिरपच्या ज्या नक्षीदार रेघा ओढतात ना, त्या फोटोपुरत्या. त्याला भुलू नका.

पिण्याचीही एक पद्धत आहे, ऐकायला विचित्र वाटेल पण करून बघा. गार पदार्थाची गोडी जिभेला कमी कळते, म्हणून तर आईसक्रीममध्ये साखर सढळ हाताने घातलेली असते, वितळलेलं आईसक्रीम चाटून बघितलंत तर किती गोडमिट्ट लागतं. तेव्हा शेक आला की पहिला घोट लगेच घ्या, मग दोनचार मिनिटं गप्पा मारा आणि मग स्ट्रॉ बाजूला काढून थेट ग्लासला तोंड लावून पुढचा घोट घ्या. स्ट्रॉने प्यायलं की वास नाकापर्यंत फारसा जातच नाही, आणि चॉकलेटची अर्धी मजा वासात आहे. चांगला शेक या दुसऱ्या घोटाला जास्त चांगला लागतो, वाईट शेक नुसता साखरेचं पाणी होऊन बसतो.

आणि कृपया एका माणसाने एक आख्खा शेक घेऊ नका. चौघं असाल तर दोन घ्या, वन बाय टू सांगा, नाही म्हणाले तर रिकामे ग्लास मागून घ्या. एका फेरीत दोनतीन दुकानं करायची तर तिसऱ्या दुकानात पोचेपर्यंत भूक आणि जीभ दोन्ही शिल्लक राहायला हवी. मिसळ खाऊन तर अजिबात जाऊ नका. मामलेदारची मिसळ खाल्ल्यावर जीभ जी पेटलेली असते त्यावर गार दूध बरं वाटतं हे खरं, पण तेव्हा तुम्हाला कुठलाही शेक जगातला बेस्टच वाटणार.

ब्राउनीकडे येऊ. काचेतून बघतानाच वरची पापडी बघायची, पातळ, चमकदार, जराशी तडकलेली असली की जीव सुखावतो. कापल्यावर मध्ये ओलसर, दाट, सुरीला थोडं चिकटणारं हवं. भुसभुशीत जाळी दिसली तर तो चॉकलेट केक आहे, चौकोनी कापला म्हणून ब्राउनी होत नाही. एगलेसमध्ये ती पापडी येणं जरा अवघड असतं, तरी काही बेकरीवाल्यांना ते छान जमतं, त्यामुळे एगलेस म्हणून नाक मुरडायचं कारण नाही. अक्रोड असतील तर एक तोंडात टाकून बघा, खवट लागला की समजायचं माल फिरत नाहीये. गरम करून देऊ का विचारतात तेव्हा "थोडीशीच" म्हणा, मायक्रोवेव्हमध्ये जास्त वेळ राहिली की कडा चिवट होतात आणि गार झाल्यावर दात लावायला त्रास.

सिझलिंग ब्राउनी हा मात्र निव्वळ तमाशा आहे आणि मला तो आवडतो. तापलेल्या लोखंडी प्लेटवर सॉस ओततात, चर्रर्र आवाज, धूर, आजूबाजूची टेबलं वळून बघतात. फक्त तेवढ्यात फोटो काढत बसलात तर प्लेटवरचा सॉस करपून कडू होतो आणि आईसक्रीमचं दूध. चमचे आधी वाटून ठेवा. सॉस मागवताना वेगळा वाटीत मागा आणि स्वतः थोडा थोडा ओता, तमाशाही होतो आणि करपतही नाही.

पेस्ट्री, मोदक, साच्यातली चॉकलेटं, यात कंपाउंड हा प्रकार ओळखायला शिका. खऱ्या चॉकलेटमध्ये कोको बटर असतं आणि ते साधारण ३४ अंशाला वितळतं, म्हणजे आपल्या तोंडातल्या उष्णतेपेक्षा जरा कमी, म्हणून ते जिभेवर ठेवलं की आपोआप पाझरायला लागतं. कंपाउंडमध्ये त्याच्या जागी दुसरं वनस्पती फॅट असतं, ते लवकर विरघळत नाही आणि मेणासारखं टाळूला बसतं. दुकानदाराची बाजूही ऐका, कोको बटरवालं चॉकलेट नीट टेम्पर करावं लागतं, म्हणजे ठरावीक तापमान सांभाळत वितळवून गार करावं लागतं, नाहीतर चकाकी जाते, आणि आपल्याकडच्या मे महिन्यात ते काउंटरवर ठेवणं म्हणजे डोक्याला ताप. त्यामुळे गणपतीतले चॉकलेट मोदक बहुतेक कंपाउंडचे असतात, पोरांना आवडतात, खाऊ द्या. फक्त कंपाउंडला खऱ्या चॉकलेटचा भाव देऊ नका. लेबलवर घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने असतात, पहिलंच नाव साखर आणि पुढे लगेच वनस्पती फॅट दिसलं की काय ते समजा. व्हाइट चॉकलेटमध्ये कोकोचा चॉकलेटी भाग नसतोच, फक्त कोको बटर, दूध, साखर, त्यामुळे त्यात तर कोको बटर खरं असणं आणखी महत्त्वाचं.

बाहेर फिरायचा कंटाळा असेल तर घरी चॉकलेटचे बार आणून टेस्टिंग करा, स्वस्तात मस्त. अमूलचे डार्क बार ५५ टक्क्यांपासून ९९ टक्क्यांपर्यंत मिळतात, शिवाय वेगवेगळ्या देशांच्या कोकोचेही आहेत. बारवर ७५ टक्के लिहिलंय म्हणजे कोको आणि कोको बटर मिळून तेवढं, उरलेली बहुतेक साखर. देशी कोको चाखायचा तर कोचीचं पॉल अँड माइक, ऑरोविलचं मेसन अँड कंपनी, हैदराबादचं मनम, हे ऑनलाइन मागवता येतात, महाग आहेत पण चौघांनी मिळून एक बार घ्यायला हरकत नाही. कर्नाटकात पुत्तूरला कॅम्पको या शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थेची चॉकलेट फॅक्टरी १९८६ पासून आहे, त्यांचे बार दिसले तर जरूर उचला. केरळात इडुक्कीकडे आणि आंध्रात पश्चिम गोदावरीकडे कोकोची लागवड आहे, आंध्रात तर नारळाच्या बागेत आंतरपीक म्हणून घेतात, आणि फळ काढल्यावर बिया आंबवायच्या, वाळवायच्या, भाजायच्या, या सगळ्यात चव ठरते. म्हणून दोन्ही बार ७० टक्क्यांचे असूनही एक आंबटसर, फळासारखा लागतो आणि दुसरा भाजलेल्या दाण्यासारखा.

चाखताना तुकडा कानाजवळ धरून मोडा, चांगल्या डार्कचा टक् आवाज येतो. बोटांत जरा चोळून वास घ्या. मग जिभेवर ठेवा आणि चावू नका, हे सगळ्यात कठीण आहे मला माहितेय, पण चावलं की मधल्या चवी गायब. दोन बारच्या मध्ये कोमट पाणी प्या, फ्रीजचं नको, गार पाण्याने जिभेवरचं कोको बटर तिथेच गोठतं आणि पुढची चव दबते. मध्ये कुरमुरे किंवा साध्या पोळीचा तुकडा चालतो. सुरुवात ५५ पासून, मग ७५, मग हिंमत असेल तर ९०, आणि मिल्क चॉकलेट सगळ्यात शेवटी, कारण गोड आधी खाल्लं की डार्क उगाचच कडूजहर लागतं. ९९ टक्केवालं एकदा सासऱ्यांना द्या आणि चेहरा बघा.

आपल्या हवेत बार टिकवायचा म्हणजे फ्रीज लागतोच, पण हवाबंद डब्यात. चॉकलेट आजूबाजूचा वास पटकन ओढून घेतं, शेजारी सुकट नाहीतर लसणाची चटणी असली की झालं कल्याण. खायच्या आधी अर्धा तास डबा बाहेर काढून ठेवा आणि तोवर उघडू नका, नाहीतर दमट हवेने त्यावर पाणी धरतं आणि साखर पांढरी होऊन वर येते. उन्हात वितळून परत घट्ट झालेल्या बारवरही पांढुरका थर येतो, ती बुरशी नव्हे, खायला काही हरकत नाही पण तोंडात वाळूसारखं लागतं.

फिरायचं असेल तर ठाण्यात राम मारुती रोड आणि गोखले रोड पायी करा, गाडी नेऊ नका, पार्किंग शोधण्यातच शेक वितळेल. शनिवार-रविवार संध्याकाळी तलावपाळीकडे गर्दी असते, दुपारी चारच्या सुमाराला गेलात तर काउंटरवरचा माणूस दोन शब्द बोलतो तरी. दुसऱ्या एखाद्या दिवशी ट्रान्सहार्बर लोकल पकडून वाशीला उतरा, सेक्टर १७ मध्ये केक आणि शेकवाले चालत्या अंतरावर आहेत. नेरूळ-बेलापूरवाल्यांना सीवूड्सचा मॉल स्टेशनवरच आहे, एसीत बार नि ट्रफल वितळत नाहीत हा मोठा फायदा, फक्त मॉलमध्ये तोच पदार्थ महाग पडतो. एका दिवसात ठाणे आणि वाशी दोन्ही करायचा अट्टहास नको.

शाकाहारी मंडळींनी मार्शमॅलोचं विचारून घ्या, त्यात बरेचदा जिलेटिन असतं, म्हणजे प्राण्यांपासून केलेला पदार्थ. रम बॉलमध्ये खरी रम आहे का तेही विचारा, पोरं सोबत असतील तर. रात्री उशिरा डार्क चॉकलेट पोरांना देऊ नका, त्यात कॅफिन असतं आणि मग झोपवायला तुम्हीच. कुत्र्यामांजरांना तर तुकडाही नको, चॉकलेटमधलं थिओब्रोमिन त्यांना खरंच घातक असतं.

टेस्टिंगनंतर सगळ्या बारचे तुकडे उरतातच, त्यांचा शेक करा. दोन ग्लासांसाठी चमचाभर कोको आणि ते तुकडे थोड्या उकळत्या पाण्यात घोटून गुळगुळीत करायचे आणि गार होऊ द्यायचे. फुल क्रीम दूध घ्या, ६ टक्के फॅटवालं, ३ टक्केवाल्या टोन्डने तो दाटपणा येत नाही, आणि दूध आधी तासभर फ्रीजरमध्ये ठेवा म्हणजे बर्फाची गरजच पडत नाही. मिक्सरमध्ये दूध, पेस्ट, दोनतीन स्कूप व्हॅनिला, चिमूटभर मीठ, अगदी चिमूटभर इन्स्टंट कॉफी. मीठ कडवटपणा दाबतं आणि कॉफीने चॉकलेट आणखी चॉकलेटी लागतं. मिक्सर थोडाच फिरवा, जास्त फिरवलात तर आईसक्रीम वितळून नुसतं दूध हाती येईल. साखर आधी घालू नका, प्या आणि मग ठरवा.